रोपणयोग्य पेशी-उपचार उपकरणे आणि मधुमेही रुग्णांची पसंती : एक विवेचन

सारांश

टाइप १ मधुमेहात नष्ट झालेल्या बीटा पेशींच्या जागी नव्या पेशी शरीरात बसविणे, आणि त्या पेशींना संरक्षक उपकरणात ठेवणे, या दिशेने गेली काही दशके संशोधन सुरू आहे. अशा उपकरणाचे यश सामान्यतः प्रयोगशाळेतील मोजमापांवर ठरविले जाते. ते वापरावयाचे की नाही याचा निर्णय मात्र रुग्णाने घ्यावयाचा असतो. प्रस्तुत लेखात या उपचारपद्धतीची शास्त्रीय पार्श्वभूमी, उपकरणाच्या रचनेतील अपरिहार्य तडजोडी, रुग्णांची पसंती शास्त्रशुद्ध रीतीने मोजण्याची पद्धत आणि भारतीय संदर्भात विचारात घ्यावयाच्या बाबी यांचे विवेचन केले आहे.

कळीचे शब्द : टाइप १ मधुमेह, लँगरहान्सची बेटे, पेशी-उपचार, रोपणयोग्य उपकरण, रुग्णपसंती, पर्याय-निवड प्रयोग.

१. प्रस्तावना

मधुमेहाच्या उपचाराच्या इतिहासात १९२१ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका मुलाला टोचण्यात आले. तोपर्यंत टाइप १ मधुमेहाचे निदान म्हणजे मृत्युदंडच होता. इन्शुलिनमुळे हा आजार जीवघेणा न राहता आयुष्यभर सांभाळावयाचा आजार झाला. सांभाळण्याचा हा भार मात्र रुग्णाच्याच खांद्यावर आला. दिवसातून चार वेळा इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाला वर्षाला सुमारे १,४६० टोचण्या घ्याव्या लागतात. प्रत्येक टोचणीपूर्वी रक्तातील साखर, जेवणातील पिष्टमय पदार्थ आणि होणारे श्रम यांचा हिशोब मनातल्या मनात करावा लागतो.

हा हिशोब चुकला तर दोन्ही बाजूंनी धोका असतो. साखर दीर्घकाळ अधिक राहिल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी होते. ती अचानक उतरल्यास घाम, थरथर, संभ्रम आणि प्रसंगी बेशुद्धी येते. अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या मधुमेह नियंत्रण व गुंतागुंत चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ही दुधारी स्थिती आकड्यांत स्पष्ट झाली. काटेकोर नियंत्रणामुळे, ज्यांच्या दृष्टिपटलावर आधी विकार नव्हता अशा रुग्णांमध्ये तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. परंतु साखर तीव्रपणे उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. बाहेरून दिलेले इन्शुलिन हे कितीही सुधारले तरी ‘मोजून दिलेले’ इन्शुलिन असते. निरोगी बीटा पेशी मात्र क्षणोक्षणी साखर जोखतात आणि आवश्यक तेवढेच इन्शुलिन सोडतात. म्हणूनच औषधाऐवजी पेशीच पुन्हा बसविण्याची कल्पना संशोधकांना सतत खुणावत राहिली.

२. पेशी-उपचाराची वाटचाल

स्वादुपिंडातील पेशींच्या लहान पुंजक्यांचे वर्णन १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स यांनी केले. त्यांच्याच नावाने हे पुंजके ‘लँगरहान्सची बेटे’ म्हणून ओळखले जातात. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात. तरीही त्यांचे वजन संपूर्ण स्वादुपिंडाच्या एक ते दोन टक्केच भरते. इन्शुलिनच्या शोधाआधी, १८९३ मध्ये, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसविण्यात आले होते. तो प्रयत्न निष्फळ ठरला. १९७२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे वॉल्टर बॅलिंजर व पॉल लेसी यांनी मधुमेही उंदरांत बेटांचे रोपण करून साखर आटोक्यात आणता येते हे दाखवून दिले आणि या विषयाला शास्त्रीय पाया मिळाला.

मानवी उपचाराच्या दृष्टीने पुढचा मोठा टप्पा २००० सालचा होय. कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शापिरो व सहकाऱ्यांनी मृत दात्यांकडून मिळविलेली बेटे यकृताच्या प्रवेशिकेतून, म्हणजे पोर्टल नीलेतून, सात रुग्णांना दिली. सातही रुग्णांचे इन्शुलिन सुटले. या पद्धतीची पुढे नऊ केंद्रांवरील ३६ रुग्णांमध्ये आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा उत्साहाला वास्तवाची जोड मिळाली. एका वर्षानंतर १६ रुग्ण, म्हणजे ४४ टक्के, चांगल्या नियंत्रणासह इन्शुलिनमुक्त होते; त्यांपैकी दोन वर्षांनंतर केवळ पाच जण तसे राहिले.

या उपचाराची मुख्य किंमत अशी की, रोपित पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कायम घ्यावी लागतात. या औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, काहींमुळे मूत्रपिंडांना इजा होते, काही कर्करोगांची शक्यता वाढते, तर काही औषधे गर्भाला घातक असतात. म्हणजेच टोचणी टाळण्यासाठी गोळ्यांचा नवा भार स्वीकारावा लागतो. त्यात दात्यांचा तुटवडा ही दुसरी अडचण. या दोन्ही अडचणींवर एकाच वेळी मात करण्याच्या प्रयत्नातून रोपणयोग्य पेशी-उपकरणाची संकल्पना पुढे आली. दात्यांच्या पेशींऐवजी मूळपेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी वापराव्यात आणि औषधांऐवजी एका सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याने त्यांचे रक्षण करावे, असे तिचे स्थूल स्वरूप आहे.

३. उपकरणाचे कार्य आणि त्यातील तडजोडी

पडद्यामागील तत्त्व गाळणीसारखे आहे. ग्लुकोजचा रेणू अतिशय लहान, सुमारे १८० डाल्टनचा. इन्शुलिनचा सुमारे ५,८०० डाल्टनचा. तर प्रतिपिंडांचा रेणू सुमारे दीड लाख डाल्टनचा असतो. पडद्याची छिद्रे योग्य आकाराची ठेवल्यास साखर आत जाते, इन्शुलिन बाहेर येते, आणि हल्ला करणाऱ्या पेशी व मोठे रेणू बाहेरच राहतात. १९८० मध्ये फ्रँकलिन लिम व अँथनी सन यांनी तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेट या पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत बेटे बंद करून उंदरांवर हा प्रयोग यशस्वी केला. १९९४ मध्ये अशा गोळ्यांचा पहिला मानवी वापर नोंदविला गेला. तो रुग्ण मूत्रपिंडाच्या रोपणामुळे आधीपासूनच प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेत होता.

तत्त्व सोपे असले तरी व्यवहार अवघड आहे. पहिली अडचण प्राणवायूची. बीटा पेशी प्राणवायूच्या बाबतीत खर्चिक असतात, आणि रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा दूर असलेल्या पेशींना तो पुरेसा पोहोचत नाही. यातून उपकरणाच्या आकाराचा प्रश्न निर्माण होतो. साठ किलो वजनाच्या रुग्णाला किलोमागे दहा हजार बेटे द्यावयाची असे मानल्यास सहा लाख बेटे लागतील. प्रत्येक बेटाचा व्यास ०.१५ मिलिमीटर धरल्यास या सर्व बेटांचे एकूण आकारमान अवघे एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या भागाइतके, भरते. परंतु प्रत्येक बेटाभोवती अर्धा मिलिमीटर व्यासाची गोळी बनविली की तेच आकारमान जवळजवळ चाळीस मिलिलिटर होते. गोळ्यांऐवजी अर्धा मिलिमीटर जाडीचा सपाट पापुद्रा वापरला आणि त्यात पेशींचे प्रमाण पाच टक्के ठेवले, तर सुमारे सव्वाचारशे चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ लागते. ते तीनपेक्षा अधिक पोस्टकार्डांएवढे आहे. एवढे काही त्वचेखाली बसविणे हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न उरत नाही. ते शरीरात घेऊन वावरणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न होतो.

दुसरी अडचण शरीराच्या प्रतिक्रियेची. परक्या वस्तूभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते आणि त्यामुळे पेशींचा श्वास कोंडतो. तिसरी अडचण अशी की, पडद्याला मोठी छिद्रे ठेवून रक्तवाहिन्या आत येऊ दिल्या तर पेशी जगतात, परंतु त्यांचे संरक्षण जाते आणि औषधे पुन्हा घ्यावी लागतात.

गेल्या काही वर्षांतील प्रयत्न या तडजोडींचीच निरनिराळी उत्तरे आहेत. इस्राएलमधील बीटा-ओटू या कंपनीच्या उपकरणात प्राणवायूची लहान टाकी होती आणि ती बाहेरून दररोज भरावी लागे. स्वीडनमधील उप्साला येथे चार रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल २०१८ मध्ये आला. उपकरण सुरक्षित ठरले, परंतु इन्शुलिनची निर्मिती नगण्य राहिली. अमेरिकेतील व्हायासाइट या कंपनीने मूळपेशींपासून बनविलेल्या पूर्वपेशी असलेल्या उपकरणाची मानवी चाचणी २०१४ मध्ये सुरू केली. पूर्णतः बंद उपकरणात पेशी तगेनात, म्हणून छिद्रांचे उपकरण आणण्यात आले. त्यातून जेवणानंतर रुग्णाच्या रक्तात स्वतःच्या इन्शुलिनची खूण असलेले सी-पेप्टाइड वाढते असे २०२१ मध्ये दिसून आले; परंतु त्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आवश्यक होती. ही कंपनी २०२२ मध्ये व्हर्टेक्सने विकत घेतली.

व्हर्टेक्सचे दोन प्रयोग येथे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मूळपेशींपासून बनविलेली बेटे यकृतात सोडून औषधांचे संरक्षण देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जण एका वर्षानंतर इन्शुलिनमुक्त होते आणि बाराही जणांचे साखर तीव्रपणे उतरण्याचे प्रसंग थांबले. या चाचणीत दोन मृत्यूही झाले. एक बुरशीजन्य मेंदुज्वराने आणि दुसरा आधीपासून असलेला बौद्धिक ऱ्हास वाढल्याने. त्याच पेशी बंद उपकरणात ठेवून औषधांशिवाय बसविण्याचा दुसरा प्रयोग मात्र कंपनीने मार्च २०२५ मध्ये थांबविला, कारण अपेक्षित प्रमाणात इन्शुलिन तयार होत नव्हते. औषधांचा भार नसलेला मार्ग अजून पुरेसा चालत नाही आणि जो मार्ग चालतो तो औषधांचा भार घेऊन येतो, असे या क्षेत्राचे आजचे चित्र आहे. पेशींच्या जनुकांतच बदल करून त्यांना प्रतिकारशक्तीच्या नजरेआड ठेवण्याचा तिसरा मार्गही पुढे येत आहे. उप्साला येथे एका रुग्णाच्या बाहूच्या स्नायूत बसविलेल्या अशा पेशी औषधांविना जगल्याचा वृत्तान्त ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि इन्शुलिन सुटावे एवढी ती मात्रा नव्हती.

४. यश म्हणजे काय ? दृष्टिकोनांतील अंतर

वरील वाटचालीत यशाचा निकष बहुधा एकच राहिला : इन्शुलिन सुटले की नाही. परंतु हा निकष प्रत्येक रुग्णाचा असतोच असे नाही. काही रुग्णांना दीर्घ आजारानंतर साखर उतरल्याची पूर्वसूचनाच मिळेनाशी होते. अशी व्यक्ती एकटी झोपावयास, वाहन चालविण्यास किंवा लहान मूल कडेवर घेण्यास घाबरते. तिच्या दृष्टीने दिवसातून एक टोचणी उरली तरी चालेल, रात्रीची भीती गेली पाहिजे. अमेरिकेत ४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेटे-रोपणाच्या चाचणीत हा भेद स्पष्ट दिसतो. एका वर्षानंतर ८७.५ टक्के रुग्णांची साखर नियंत्रणात होती व तीव्र उताराचे प्रसंग थांबले होते. इन्शुलिन पूर्णपणे सुटलेल्यांचे प्रमाण मात्र ५२.१ टक्के होते. इन्शुलिनमुक्ती हाच निकष धरल्यास जवळजवळ निम्मे रोपण अयशस्वी ठरते. भीतीपासून मुक्ती हा निकष धरल्यास बहुसंख्य यशस्वी ठरते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००८ पासून उपलब्ध असलेल्या बेटे-रोपणाचा मुख्य हेतूही तीव्र उतार रोखणे हाच आहे.

याउलट, ज्या रुग्णाची साखर पंप व संवेदक यांच्या साहाय्याने बऱ्यापैकी नियंत्रित आहे, त्याला प्रतिकारशक्ती दडपण्याचा धोका पत्करण्याचे कारण कमी असते. त्याच्या दृष्टीने उपकरण औषधांविना चालणे ही पूर्वअट ठरते. साखर मोजून मूळ इन्शुलिनची मात्रा आपोआप बदलणाऱ्या पहिल्या संकरित प्रणालीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. अशा प्रणाली जसजशा सुधारतील तसतशी नव्या उपकरणाची तुलना अधिक कठीण प्रतिस्पर्ध्याशी होईल, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

निर्णय घेणाऱ्या तज्ज्ञांमध्येही एकमत असतेच असे नाही. दात्यांच्या बेटांपासून बनविलेल्या डोनिस्लेसेल या उपचारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एप्रिल २०२१ मध्ये मतदान घेतले, तेव्हा १२ सदस्य अनुकूल व चार प्रतिकूल होते आणि एक तटस्थ राहिला. अखेर जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीतील ३० रुग्णांपैकी २१ जणांना एक वर्ष किंवा अधिक काळ इन्शुलिन लागले नाही, तर पाच जणांचे ते एक दिवसही सुटले नाही. एकच माहिती समोर असताना तज्ज्ञांचे मत दुभंगते, याचा अर्थ प्रश्न केवळ माहितीचा नाही. लाभ व धोका यांना किती वजन द्यावयाचे याचा आहे. हे वजन ठरविण्याचा पहिला अधिकार ज्याच्या शरीरात उपकरण बसावयाचे त्याचा आहे.

५. पसंती मोजण्याची पद्धत

रुग्णाला थेट ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारल्यास उत्तर ठरलेले असते : उपकरण लहान असावे, कायम टिकावे, औषधे नकोत, धोका नको आणि खर्चही नको. असे उत्तर प्रामाणिक असले तरी रचनाकाराला उपयोगी पडत नाही, कारण या सर्व गोष्टी एकत्र मिळत नाहीत. खरी पसंती कळते ती काही मिळविण्यासाठी काही सोडावे लागते तेव्हा. याच तत्त्वावर पर्याय-निवड प्रयोग ही पद्धत आधारलेली आहे. तिचा सैद्धांतिक पाया रचणाऱ्या डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रवासी बसने जाईल की मोटारीने, यांसारख्या प्रश्नांसाठी विकसित झालेली ही पद्धत पुढे आरोग्यक्षेत्रात रूढ झाली.

या पद्धतीत प्रथम उपकरणाचे महत्त्वाचे गुणधर्म निश्चित केले जातात. मधुमेहावरील पेशी-उपकरणाबाबत असे गुणधर्म पुढीलप्रमाणे मांडता येतील :

(अ) परिणाम : इन्शुलिन पूर्ण सुटते, निम्म्यावर येते, की केवळ तीव्र उतार थांबतात.
(आ) प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे : लागतात की नाही.
(इ) बदलण्याचा काळ : दरवर्षी, तीन वर्षांनी, की त्याहून उशिरा शस्त्रक्रिया.
(ई) आकार व जागा : पोटाच्या त्वचेखाली, दंडात, की उदरपोकळीत, बाहेरून दिसते की नाही.
(उ) दैनंदिन देखभाल : काही करावे लागत नाही, की प्राणवायू भरण्यासारखे काम रोज उरते.
(ऊ) पेशींचा उगम : मृत दाता, भ्रूणजन्य मूळपेशी, प्रौढ पेशींपासून बनविलेल्या मूळपेशी, की डुकराची बेटे.
(ए) धोका व परत काढण्याची सोय : गंभीर संसर्गाची शक्यता, पेशींची अनियंत्रित वाढ झाल्यास उपकरण काढता येणे.
(ऐ) रुग्णाने सोसावयाचा खर्च.

यानंतर या गुणधर्मांच्या वेगवेगळ्या जुळण्या करून रुग्णासमोर दोन-दोन काल्पनिक उपकरणे ठेवली जातात. सोबत ‘सध्याचाच उपचार चालू ठेवीन’ हा तिसरा पर्यायही दिला जातो. अशा आठ-दहा निवडींवरून प्रत्येक गुणधर्माचे सापेक्ष वजन संख्याशास्त्राने काढता येते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, विश्लेषणातून असे दिसले की उपकरण बदलण्याचा काळ एक वर्षावरून तीन वर्षांवर गेल्यास पसंतीचे मूल्य ०.६ ने वाढते आणि गंभीर संसर्गाचा धोका एक टक्क्याने वाढल्यास ते ०.२ ने घटते. याचा अर्थ सरासरी रुग्ण दोन शस्त्रक्रिया टाळण्यासाठी तीन टक्क्यांपर्यंत अधिक धोका स्वीकारील. या मर्यादेला कमाल स्वीकार्य धोका म्हणतात. ‘रुग्णांना टिकाऊ उपकरण आवडते’ या मोघम विधानापेक्षा हा आकडा अभियंत्याला, डॉक्टरला आणि नियामकाला अधिक काही सांगतो.

ही केवळ विद्यापीठीय कसरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१५ मध्ये लठ्ठपणावरील एका रोपणयोग्य उपकरणाला मान्यता देताना रुग्णपसंतीच्या सर्वेक्षणाचा आधार घेतला आणि २०१६ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी रुग्णपसंतीची माहिती सादर करण्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

६. पद्धतीच्या मर्यादा

पसंतीच्या मोजमापाला मर्यादाही आहेत. पहिली, कागदावरील निवड व प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या टेबलावरील निवड यांत अंतर असते. दुसरी, धोक्याचे आकडे समजणे सोपे नसते. ‘अर्धा टक्का’ असे म्हटल्याने जो बोध होत नाही तो ‘हजारात पाच जणांना’ असे म्हटल्याने आणि हजार ठिपक्यांचे चित्र दाखविल्याने होतो. तिसरी, सरासरी हा आकडा भेद झाकतो. निम्म्या रुग्णांना औषधे मुळीच नको असतील आणि निम्म्यांना चालत असतील, तर ‘सरासरी रुग्ण’ प्रत्यक्षात कोठेच अस्तित्वात नसतो. लहान मुलांच्या बाबतीत निर्णय पालक घेतात. रात्री उठून मुलाची साखर तपासणाऱ्या आईची पसंती आणि पोहण्याच्या तलावावर आपले उपकरण कोणाला दिसू नये असे वाटणाऱ्या किशोरवयीन मुलाची पसंती सारखी नसते. चौथी, पसंती ही मिळालेल्या माहितीवर अवलंबून असते. ‘मधुमेह बरा होतो’ अशा जाहिरातीच्या प्रभावाखाली दिलेले उत्तर ही पसंती नसून आशा असते.

७. भारतीय संदर्भ

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार ० ते १९ वयोगटातील टाइप १ मधुमेहाची सर्वाधिक मुले भारतात असून त्यांची संख्या सुमारे २.२९ लाख आहे. असे असले तरी पेशी-उपकरणांविषयीच्या निर्णायक चाचण्या मुख्यतः उत्तर अमेरिका व युरोपात झाल्या आहेत. तेथील रुग्णांच्या पसंतीनुसार घडलेले उपकरण येथे तसेच्या तसे स्वीकारले जाईल असे गृहीत धरता येत नाही. याची काही कारणे सांगता येतील.

पहिले कारण जंतुसंसर्गाचे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांमुळे ते जागृत होण्याचा धोका येथे अधिक आहे. त्यामुळे ‘औषधे लागतात की नाही’ या गुणधर्माचे वजन भारतीय रुग्णाच्या तराजूत वेगळे पडण्याचा संभव आहे.

दुसरे कारण आर्थिक. आपल्याकडे उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग कुटुंबालाच सोसावा लागतो. दर काही वर्षांनी उपकरण बदलणे म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च, प्रवास आणि बुडालेली मजुरी. दुसरीकडे, खेड्यात जेथे वीज भरवशाची नाही आणि इन्शुलिन थंड राहावे म्हणून मातीच्या मडक्याचा आधार घेतला जातो, तेथे शीतकपाटावर अवलंबून नसलेल्या उपचाराचे मोल शहरी रुग्णाला वाटते त्याहून अधिक असू शकते.

तिसरे कारण सामाजिक. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलींच्या विवाहात येणाऱ्या अडचणी आपल्या समाजाला परिचित आहेत. आजार लपविण्याकडे कुटुंबाचा कल असतो. अशा वेळी उपकरण बाहेरून न दिसणे, शस्त्रक्रियेचा व्रण न राहणे आणि गर्भधारणेस बाधा न येणे या गोष्टी दुय्यम राहत नाहीत. पेशींच्या उगमाबाबत धार्मिक श्रद्धा व आहारविषयक संस्कार यांचाही विचार करावा लागेल; डुकराच्या बेटांना काही समाजघटकांचा विरोध असू शकतो.

चौथे कारण भाषेचे. इंग्रजी प्रश्नावलीचा शब्दशः अनुवाद पुरेसा नाही. ‘शुगर लो होणे’ हा शब्दप्रयोग ग्रामीण व शहरी मराठी रुग्णाच्या तोंडी आहे. ‘तीव्र अल्पशर्करावस्था’ ही संज्ञा बरोबर असूनही त्याला ती आपली वाटत नाही. पसंती विचारावयाची तर ती रुग्णाच्या शब्दांत विचारली पाहिजे.

या ठिकाणी एक इशारा आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तजन्य मूळपेशींचे मान्य आजारांतील रोपण वगळता मूळपेशींचा कोणताही वापर हा संशोधनाचा भाग मानला जातो आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा मधुमेहावर ‘स्टेम सेल’ देऊन शुल्क आकारणाऱ्या दवाखान्याकडे जाण्यापूर्वी रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत : ही चाचणी भारताच्या चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत नोंदविलेली आहे काय? नीतिमत्ता समितीची मान्यता आहे काय? आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी पैसे का मागितले जात आहेत? या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळत नसतील, तर तेथे रुग्णाच्या पसंतीचा नव्हे, तर त्याच्या अगतिकतेचा उपयोग होत आहे असे समजावे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रोपणयोग्य पेशी-उपकरणांमागील जैविक तत्त्व सिद्ध झाले आहे, मूळपेशींपासून बनविलेल्या पेशी मानवी शरीरात साखरेनुसार इन्शुलिन निर्माण करू शकतात. औषधांशिवाय त्यांना दीर्घकाळ जिवंत व कार्यक्षम ठेवणारे उपकरण मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही.

२) उपकरणाचा आकार, टिकाऊपणा, परिणाम व सुरक्षितता या गोष्टी परस्परांशी बांधलेल्या आहेत. कोणती सवलत कोणत्या मोबदल्यात घ्यावयाची, हा निर्णय केवळ तांत्रिक नसून मूल्यांचा निर्णय आहे.

३) इन्शुलिनमुक्ती हा यशाचा एकमेव निकष मानणे योग्य नाही. तीव्र उतारांपासून मुक्ती, निर्धास्त झोप आणि दैनंदिन हिशोबातून सुटका यांनाही स्वतंत्र महत्त्व आहे.

४) रुग्णांची पसंती रचना पूर्ण झाल्यानंतर नव्हे, तर रचना ठरत असतानाच मोजली पाहिजे. तयार उपकरणाबद्दल मत विचारल्यास रुग्णाकडे होकार किंवा नकार एवढेच उरते.

५) भारतीय, विशेषतः ग्रामीण व अल्पउत्पन्न गटातील रुग्णांच्या पसंतीचा स्वतंत्र अभ्यास प्रादेशिक भाषांतून होणे गरजेचे आहे. वैद्यकशास्त्र, सांख्यिकी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व भाषा या विभागांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम असून महाविद्यालयीन पातळीवरही त्याची सुरुवात होऊ शकते.

मधुमेही रुग्ण हा आपल्या आजाराचा रोजचा व्यवस्थापक असतो. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होते. उरलेले सर्व निर्णय तोच घेत असतो. त्याच्या शरीरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या वस्तूविषयीचा निर्णय त्याला न विचारता घेतला गेला, तर ते उपकरण प्रयोगशाळेत यशस्वी होऊनही घराघरांत अयशस्वी ठरण्याचा संभव आहे.